हार्डकोअर, हलगी आणि स्नेअरची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या तरुण बँडच्या नव्या रेकॉर्डवर आपल्या पुरवणीत अधूनमधून लिहून येते, ही चांगली गोष्ट आहे. मात्र हार्डकोअर पंक, म्हणजे पंक रॉकचा अतिवेगवान, आखूड आणि कर्कश प्रकार, वाजवणाऱ्या बँडचा विषय निघाला की लेखाचा शेवट ठरलेला: ‘परंपरा आणि नावीन्य यांचा सुरेख मेळ’. मेळ कुठे बसला, कशाने बसला, कुठे फसला, याबद्दल अवाक्षर नाही. हलगी ऐकू आली की प्रयोग आणि गिटार जोरात असली की परंपरा, एवढ्यावर परीक्षण आटोपते. आम्ही तिघे ध्वनिमुद्रण आणि तालवाद्यांच्या कामात आहोत. हा मेळ माइक लावताना आणि चाल ठरवतानाच बसतो किंवा बिघडतो, असे आमचे मत आहे. त्याचा तपशील वाचकांपुढे यावा म्हणून हे पत्र. लांबले आहे. कात्री लावायची तर बेलाशक लावा, आकडे तेवढे ठेवा.

हार्डकोअरची परंपरा उणीपुरी पंचेचाळीस वर्षांची, आणि जवळजवळ सगळी रेकॉर्डवर नोंदलेली. त्यामुळे तिच्याबद्दल मोघम बोलायचे कारण नाही. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट या बँडची १९८१ सालची पहिली सात इंची रेकॉर्ड घ्या. आठ गाणी, दहा मिनिटांच्या आत खलास. लांबण लावलेली सुरुवात नाही, गायकाच्या आवाजावर मुलामा नाही. इंग्लंडच्या डिसचार्जने त्याच सुमारास ड्रमची जी चाल रुळवली, तिला आज जगभर डी-बीट म्हणतात. केरव्यासारख्या आठ मात्रा मोजा; १, ४ आणि ६ वर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), ३ आणि ७ वर स्नेअर (कडक वाजणारा, तारा लावलेला छोटा ड्रम). दुसरी चाल त्याहून साधी, किक आणि स्नेअर एकाआड एक. वेग मिनिटाला १८० ते २२० ठोके, आणि एका ठोक्यात दोन मात्रा. सामान एवढेच. ते इतके थोडे असल्यामुळेच त्यातले काय हलवायचे हा प्रश्न अवघड होतो.

ज्या पिढीने ही चाल पाडली, तिनेच ती मोडायलाही फार वेळ घेतला नाही. कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅगने १९८४ च्या ‘माय वॉर’ची दुसरी बाजू फक्त तीन गाण्यांना दिली; तिन्ही सहा मिनिटांच्या वर आणि रखडत चालणारी. वेग गेला, पण गायकाचा ओरडा आणि गिटारचा कर्कशपणा जागेवर राहिला. त्याच वर्षी मिनेसोटाच्या हस्कर डूने ‘झेन आर्केड’ हा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. त्यात पियानो आहे, उलटी फिरवलेली टेप आहे, शेवटी जवळजवळ चौदा मिनिटांचे शब्दांविना वादन आहे. ऐकून मोठा खर्च झाला असेल असे वाटते. प्रत्यक्षात मिक्ससकट सुमारे ८५ तास आणि ३,२०० डॉलर. बहुतेक गाणी पहिल्याच टेकची, म्हणजे पहिल्याच वाजवण्यात नोंदलेली. हा तपशील आम्हाला पियानोपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण पियानो खपून गेला तो त्यामुळे. सामान वाढले, वाजवण्यातली घाई तशीच राहिली.

टोरांटोच्या एका बँडच्या २००८ सालच्या रेकॉर्डची सुरुवात चक्क बासरीने होते आणि पुढे गिटारचे थरावर थर चढत जातात (बँडचे नाव आपल्या वर्तमानपत्रात छापण्याजोगे नाही, जाणकार ओळखतील). पुढच्या वर्षी तिला कॅनडाचा पोलारिस पुरस्कार मिळाला. इतक्या सजावटीत गायकाचा घसा मात्र शेवटपर्यंत फाटकाच. याउलट बाल्टिमोरच्या टर्नस्टाइलने २०२१ च्या ‘ग्लो ऑन’मध्ये आवाज चकचकीत केला, सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर काढणारे वाद्य) आणले, तालवाद्ये आणली, पण पंधरा गाणी साधारण पस्तीस मिनिटांत संपवली.

यावरून आमचा ठोकताळा असा: वेग, आखूडपणा आणि आवाजातला रासवटपणा या तिघांपैकी दोन जागेवर ठेवले, तर तिसऱ्याचे काहीही करता येते. तिन्ही एकदम हलवले तर श्रोता दुरावतो. स्वीडनच्या रिफ्यूज्डने १९९८ मध्ये उभा बास, इलेक्ट्रॉनिक तुकडे, बदलत्या चाली असे सगळे एकाच रेकॉर्डमध्ये आणले. बँड त्याच वर्षी फुटला आणि रेकॉर्डची थोरवी लोकांना मागाहून कळली. तेव्हा ठोकताळा तो ठोकताळाच, पण नव्या बँडने तो धुडकावण्याआधी विचार करावा.

वॉशिंग्टनच्याच बॅड ब्रेन्स या बँडचे उदाहरण पुण्याला जास्त कामाचे आहे. हे वादक मूळचे जॅझ फ्यूजनचे, हात तयार. १९८२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम फक्त कॅसेटवर निघाला. त्यात हार्डकोअर आहे आणि रेगेही आहे, पण रेगे वेगळ्या गाण्यांत. एका गाण्यात दोन्हींची खिचडी नाही. एकाच गाण्यात निरनिराळ्या शैली मिसळण्याचे काम त्यांनी खऱ्या अर्थाने १९८६ च्या अल्बममध्ये केले. आपल्याकडचे बँड पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारतात. हलगीचे एक स्वतंत्र दीड मिनिटाचे वादन दोन गाण्यांच्या मध्ये ठेवणे कुणालाच पुरेसे धाडसी वाटत नाही. आम्हाला मात्र तीच सर्वांत सुरक्षित आणि बहुधा सर्वांत परिणामकारक जागा वाटते.

तरीही गाण्यातच हलगी हवी असेल, तर पहिली अडचण लयीची. मिनिटाला २०० ठोक्यांना एक ठोका ३०० मिलिसेकंदांचा आणि अर्धा ठोका १५० चा. डी-बीटमध्ये सगळे अर्धे सारखे असतात. हलगीच्या चालीला झोल असतो. अर्ध्यावरचा ठोका मागे सरकतो. दोनास एक असा झोल धरला तर १५० च्या जागी तो २०० मिलिसेकंदांवर पडतो. म्हणजे ड्रम आणि हलगी यांत ५० मिलिसेकंदांची फट, आणि ती कानाला स्पष्ट कळते. एकाच ठोक्याचे दोन तुकडे ऐकू येतात. मग ‘हलगीवाला लयीत नाही’ असा शेरा मिळतो. तो पूर्ण लयीत असतो, लयी दोन असतात. उपाय दोन आहेत. एक तर तेवढ्या भागापुरता ड्रमरने झोल घ्यावा आणि वेग १६० च्या आसपास उतरवावा, किंवा हलगीने फक्त मुख्य ठोके धरावेत आणि मधले सोडून द्यावेत. तिसरा उपाय स्टुडिओत सर्रास होतो: हलगीचा प्रत्येक ठोका संगणकावर ओढून चौकटीत बसवायचा. त्याने फट जाते हे खरे, पण ज्या झोलासाठी वादकाला बोलावले तोही जातो. त्यापेक्षा तयार सॅम्पल लावलेले काय वाईट!

दुसरी अडचण जागेची. हलगीच्या बारीक काडीचा तडाखा ढोबळमानाने २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. स्नेअरचा कडकडाट तिथेच, गिटारची धार तिथेच, गायकाचा ओरडाही तिथेच. हलगी ऐकू येत नाही म्हणून तिचा आवाज वाढवला की गिटारवादक आपला वाढवायला सांगतो. शेवटी मास्टरिंगचा (अंतिम प्रत तयार करतानाचा) लिमिटर, म्हणजे आवाजाला कमाल मर्यादा घालणारे साधन, सगळ्यांनाच दाबतो आणि सर्वांत आधी मरते ती स्नेअर. जागा द्यायची तर कुणाला तरी उठवावे लागते. हलगीच्या भागात हाय-हॅट आणि राइड सिम्बल या ड्रमच्या झांजा पूर्ण बंद ठेवा. ड्रमरला किक आणि फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा खर्जाचा ड्रम) एवढेच द्या आणि स्नेअरची जागा हलगीला मोकळी करा. दोन्ही गिटार टोकाला डावी-उजवीकडे, हलगी मधोमध. एवढे करून गिटार अंगावर येत असेल, तर तेवढ्या भागात ३ किलोहर्ट्झला ३ डेसिबल उतरवा. अख्ख्या गाण्यात उतरवू नका. गिटारची धार गेली की हार्डकोअरचा रॉक होतो.

तिसरी अडचण कातड्याची. हलगी शेकून ताणतात हे सगळ्यांना माहीत असते, पण ती किती लवकर उतरते याचा अंदाज बँडवाल्यांना नसतो. श्रावणातल्या पुण्याच्या दमट हवेत चार-पाच टेक होईपर्यंत सूर खाली गेलेला ऐकू येतो. म्हणून मागाहून एखादी ओळ ठिगळासारखी जोडायची पद्धत इथे चालत नाही. ठिगळ वेगळ्या सुराचे निघते. शेकल्यावर दोन-चार मिनिटे वाजवून कातडे बसू द्या, पहिला चांगला ठोका फोनवर नोंदवून ठेवा, प्रत्येक टेकच्या आधी त्याच्याशी ताडून बघा आणि दोन-तीन टेकनंतर पुन्हा शेका. स्टुडिओत जाळ करता येत नाही, तेव्हा हीट गन फूटभर अंतरावरून सतत फिरवत धरावी. एका जागी थांबली तर कातडे कडेला तडकते, आणि ते नुकसान वादकाचे होते. एसीचा झोत थेट वाद्यावर येऊ देऊ नका. फायबरचे पान लावलेली हलगी सूर सोडत नाही, पण तिची खालची धप पातळ असते आणि वाजते फार चमकदार. गिटारच्या भिंतीत ती पत्र्यासारखी ऐकू येते. आमचा कौल कातड्यालाच.

माइक दोन पुरतात. समोरून एक डायनॅमिक, शुअर एसएम ५७ सारखा, एक ते दीड फुटावर, जाड काठी पडते त्या बाजूला रोखलेला. पाठीमागून तीन फुटांवर एक कंडेन्सर, त्यावर पॅड (आवाजाची पातळी उतरवणारा खटका) लावून. नाहीतर तो पहिल्याच ठोक्याला फुटतो. दोन्ही मोनोमध्ये ऐका, मागच्याची पोलॅरिटी (लहरीची अधिक-उणे दिशा) उलटून बघा आणि ज्यात धप भरीव येते ते ठेवा. हेच शास्त्र ड्रमच्या वरच्या दोन माइकना. दोघांचे स्नेअरपासूनचे अंतर दोरीने मोजून सारखे ठेवावे. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेवढा फरक पडला तर ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खातो आणि स्नेअर पोकळ होते. मग ‘पंच नाही’ म्हणून वरून सॅम्पल चिकटवले जाते. सॅम्पल चालते, पण मूळ स्नेअरच्या खाली दबलेले. त्याने मूळ ठोका झाकला की दोनशेच्या वेगात सगळे ठोके एकाच तोंडवळ्याचे होतात आणि ड्रमरचा हात दमत चालल्याचे ऐकूच येत नाही. हार्डकोअरमध्ये ते ऐकू आलेच पाहिजे.

क्लिकवर, म्हणजे कानात ठरावीक वेगाने वाजणाऱ्या टिकटिकीवर, वाजवावे की नाही, यावर या शहरात भांडणे होतात. सिंथ किंवा लूप वापरायचे तर क्लिक हवा, असे मानतात. खरे तर बँडने एका खोलीत, क्लिकविना, एकत्र वाजवावे. नंतर ड्रमवरून टेम्पोचा नकाशा काढावा आणि सिंथला त्या नकाशामागून चालवावे. काम उलट क्रमाने होते, एवढेच. क्लिक लागणारच असेल तर एकच आकडा लावू नका. कडवे १९६, घोषणेचा भाग २००, ब्रेकडाउन (गाण्यातला संथ, जड भाग) त्याच्या अर्ध्या चालीत आणि आकड्याने किंचित खाली, असे भाग पाडा.

गिटारबद्दल थोडक्यात. दोन टेक पुरतात, चार नकोत. दोनदा वाजवलेल्या गिटारचे डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली फाट, एकत्र येऊन दाट होते, म्हणून गेन (ती फाट वाढवणारे बटण) मंचावर ठेवता त्याच्या पाऊण ठेवा. बासचे दोन भाग करा, साधा आणि फाटका. फाटक्यातून २०० हर्ट्झखालचे काढून टाका, म्हणजे खालचा भार साध्या बासवर राहतो आणि ढोल वापरलात तर त्यालाही जागा उरते.

खरी गंमत मराठी शब्दांत आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. दोनशेच्या वेगात प्रत्येक अर्ध्या ठोक्याला एक अक्षर टाकले तर सेकंदाला साडेसहाहून जास्त अक्षरे होतात. मराठी शब्दाला प्रत्यये लागून तो लांबतो. ‘रस्त्यावरच्यांना’ एवढे ओरडेपर्यंत अर्धी ओळ संपते आणि जोडाक्षरे गिळली जातात. गायक नीट उच्चारायला गेला की आपोआप मागे पडतो. प्रत्ययांचे शब्द कमी करा. क, ट, त, प ही कडक अक्षरे स्नेअरच्या ठोक्यावर येतील अशी ओळ बांधा. लांबवायचा शब्द आ किंवा ओ या स्वरावर संपवा. ई ओरडून लांबवली की किंचाळी होते. चार आवर्तनांत एकदा तरी श्वासापुरती जागा सोडा, कारण ती न सोडल्यास गायक दुसऱ्या कडव्यातच धापा टाकतो. ख, फ, भ माइकवर फुटतात, तेव्हा माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कडेला, दोन इंचांवर धरावा. त्याची जाळी मुठीत आवळू नये, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. कंप्रेसर (जोराचे आवाज दाबणारे साधन) ४:१ वर, ८ ते १० डेसिबल दाबेपर्यंत, बिनधास्त. सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर लावणाऱ्याने हार्डकोअर करू नये.

हार्डकोअरमध्ये सगळ्यांनी मिळून द्यायच्या आरोळ्या असतात. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या ओळीचा शेवट झीलकरी उचलतात. काम तेच, आणि त्याला एकही जादा वाद्य लागत नाही. इथे परंपरेशी जोडून घेण्याची खरी संधी आहे. पण ‘जी जी रं जी’ जसेच्या तसे उचलले की स्नेहसंमेलनातला फेटा बांधल्यासारखे वाटते. झील कुठे उचलली जाते ती जागा घ्या, शब्द आपले ठेवा. ध्वनिमुद्रण करताना सात-आठ जण एका माइकभोवती गोल, चार-पाच फुटांवर; तीन टेक, दर टेकला जागा बदलून. गोड गळ्याची माणसे मागच्या रांगेत. तीन टेक संगणकावर एकमेकांशी जुळवू नका. वीस-तीस मिलिसेकंदांचा विस्कळीतपणा राहिला तरच गर्दी ऐकू येते. जुळवल्यावर एकाच माणसाच्या तीन प्रती होतात.

कॅलेंडरही बघावे लागते. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव असतो. ढोलाचा खालचा आवाज भिंतीतून आरपार येतो. गायनातून १०० हर्ट्झखालचे कापून टाकता येते, पण रूम माइक आणि गाण्यातल्या शांत जागा वाया जातात. शिवाय त्या दिवसांत चांगला ताशा किंवा हलगी वाजवणारा मोकळा मिळत नाही, आणि हवाही दमट. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ या कामाला बरा.

मास्टरिंगच्या वेळी ‘परदेशी रेकॉर्डइतके जोरात करा’ असा आग्रह असतो. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचे माप) पातळीला सगळे आणून बसवते. उणे ६ वर ठेचलेल्या गाण्याचा आवाज तिथे फक्त कमी होतो. चपटी झालेली स्नेअर परत उठत नाही. उणे ८ ते ९ पुष्कळ झाले. तबकडी काढायची असेल तर सात इंचीला ४५ च्या गतीत बाजूस चार-साडेचार मिनिटे धरा. ढोल, किक आणि बास यांचा १५० हर्ट्झखालचा भाग मधोमध मोनो ठेवा, कारण तो दोन बाजूंना पसरला तर सुई उडी मारते. कॅसेट स्वस्त पडते. तीस मिनिटांच्या टेपवर बाजूला पंधरा मिनिटे मिळतात, म्हणजे एक अख्खा हार्डकोअर अल्बम आरामात बसतो.

आता आपल्याकडे विनंती. परीक्षण छापताना बँडने गाणी एकत्र वाजवून घेतली की तुकड्यांत, क्लिकवर घेतली की क्लिकविना, एवढे तरी विचारून लिहावे. आणि हलगी कुणी वाजवली ते जरूर लिहावे. रेकॉर्डच्या वेष्टनावर गिटारच्या अँपचे मॉडेल असते, सिम्बलच्या कंपनीचे नाव असते आणि हलगीपुढे ‘पारंपरिक वाद्ये’ एवढेच. ज्या समाजांनी हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या वाजवले, बहुतेकदा मान न मिळता वाजवले, त्यांच्यातल्या वादकाला वरातीसारखी दिवसाची बिदागी देऊन मोकळे व्हायचे आणि वर बंडाची गाणी म्हणायची, हे काही बरोबर नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर वादकालाही कलावंत म्हणून आपल्या वादनाच्या व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवर हक्क आहे. वादकाचे पूर्ण नाव, कोणत्या गाण्यांत वाजवले, त्या दिवसाचे मानधन किती आणि पुढच्या उत्पन्नात वाटा किती, हे एका कागदावर मराठीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि एक प्रत वादकाकडे द्यावी. स्टुडिओत शिरण्याआधी, हलगी शेकायला घेण्याआधी.

कळावे,
आपले वाचक,
दोन ध्वनिमुद्रक आणि एक ड्रमवादक
पुणे